बुद्धवंदनेला चाल देणारे मास्टर कृष्णराव



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे कार्यकर्त्यांनी सांगितले. मी मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे नाव काढले तेव्हा बैठकीतल्या दोन-तीन तरुणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचे म्हणणे असे की, भीमराव कर्डकांचा जलसा आहे, वामनदादा कर्डक आहेत, प्रल्हाद शिंदे आहेत, विठ्ठल उमप आहेत, आपल्या शिरूर-दौंडकडच्या गावोगावच्या गायनपार्ट्या आहेत. हे सगळे सोडून आळंदीच्या ब्राह्मणाच्या घरी जन्मलेल्या, नाटक-सिनेमाच्या गाण्यावाल्या माणसाचे चरित्र विहाराच्या पुस्तकात कशाला? प्रश्न रास्त आहे. पोरांनी विचारलाच पाहिजे. पण त्यांना मी उलट विचारले की, परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्धवंदना संगीतबद्ध करण्याचे काम कोणाला सांगितले होते? कोणालाच सांगता आले नाही. मलाही चाळीशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांना तरी का बोल लावा. मग ठरले की हेच चरित्र लिहायचे.

कृष्णरावांचे पूर्ण नाव कृष्णा गणेश फुलंब्रीकर. जन्म २० जानेवारी १८९८, गाव देवाची आळंदी. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, ती भीमा कोरेगावच्या पुलाखालून वाहत पुढे आपल्या दौंडला येते, आणि शिरूरची घोडनदीही पुढे भीमेलाच मिळते. म्हणजे माणूस आपल्याच जिल्ह्यातला, आपल्याच पाण्याचा. घरी वेदपाठ, दारात वारकऱ्यांचे टाळ-मृदंग. कानावर पहिले पडले ते अभंग आणि कीर्तन. आवाज चांगला होता म्हणून पोर नाटकात गेले. आजच्या वाचकाला त्यात काही वाटणार नाही. पण तेव्हा नाटक कंपनीत पोराला घालणे म्हणजे घराची अब्रू जाणे, असे पुष्कळ घरांत मानले जाई.

नाट्यकला प्रवर्तक मंडळी नावाची कंपनी होती. तिथे १९११ च्या सुमारास ‘संत सखू’ नाटकात या मुलाने सखूची भूमिका केली आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. बालनटाच्या नावामागे ‘मास्टर’ लावायची तेव्हा रीत होती. इतरांचे मास्टरपण मिसरूड फुटल्यावर गळून पडायचे, याचे शेवटपर्यंत टिकले. त्याच कंपनीत सवाई गंधर्व होते, त्यांच्याकडून पहिले शिक्षण मिळाले. पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू लाभला. भास्करबुवांचे मोठेपण असे की, त्यांनी एका घराण्यावर समाधान मानले नाही. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा उस्तादांच्या दारी राहून, त्यांची सेवा करून त्यांनी विद्या मिळवली. धर्म-जात न बघता जिथे विद्या असेल तिथे जायचे, हा धडा शिष्याला गुरूच्या वागण्यातून मिळाला. तालीम करावी लागते तशी ही गोष्ट मुद्दाम शिकवावी लागली नसेल.

भास्करबुवा गंधर्व नाटक मंडळीच्या नाटकांना चाली देत. ‘स्वयंवर’, ‘द्रौपदी’ ही नावे जुन्या लोकांना आठवतील. कृष्णराव त्यांच्या हाताखाली तयार होत होते. १९२२ साली बुवा वारले आणि बालगंधर्वांच्या कंपनीची संगीताची जबाबदारी चोवीस वर्षांच्या कृष्णरावांवर आली. पुढची दहा-बारा वर्षे ‘सावित्री’, ‘मेनका’, ‘कान्होपात्रा’, ‘अमृतसिद्धी’ अशा नाटकांची पदे त्यांनी बांधली, स्वतः रंगभूमीवर उभे राहून गायली, आणि मैफलीही गाजवल्या. गायचे, चाल बांधायची, दुसऱ्याच्या गळ्यावर चढवायची, असे तिन्ही धंदे एकाच माणसाने सांभाळले. पुण्याच्या भारत गायन समाजाचे, म्हणजे बुवांनी काढलेल्या संस्थेचे कामही त्यांनी आयुष्यभर वाहिले.

आता मुख्य वळणाकडे येऊ. नाटक सोडून सिनेमाला संगीत द्यायला हा माणूस कसा गेला, ते समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

१९३१-३२ ला सिनेमा बोलू लागला आणि नाटक कंपन्यांचे पाय लटपटले. मोठमोठ्या कंपन्या कर्जात बुडाल्या. गंधर्व मंडळीचा थाट राजेशाही. सोन्या-चांदीची भांडी, उंची अत्तरे, भरजरी शालू. तो थाट सिनेमाच्या दोन-चार आण्यांच्या तिकिटापुढे टिकेना. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. आता जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे ती जागा. तुतारी फुंकणारी बाई हे तिचे चिन्ह आपल्या आज्या-आजोबांनी जत्रेतल्या तंबूत पडद्यावर पाहिलेले असणार. या प्रभातने बालगंधर्वांना पडद्यावर आणले, आणि त्या चित्रपटाचे संगीत कृष्णरावांकडे दिले. चित्रपटाचे नाव ‘धर्मात्मा’, साल १९३५, दिग्दर्शक व्ही. शांताराम.

इथे जरा थांबले पाहिजे, कारण हा चित्रपट आपल्याशी संबंधित आहे. कथा पैठणच्या संत एकनाथांची. एकनाथ राणू महाराच्या घरी जेवायला जातात, त्याची लहानगी मुलगी त्यांना बोलावते, आणि त्यापायी ब्राह्मण त्यांना वाळीत टाकतात, असा त्यातला प्रसंग आहे. चित्रपटाचे आधीचे नाव ‘महात्मा’ होते. गांधीजींची आठवण होईल म्हणून सरकारी सेन्सॉरने ते बदलायला लावले. आता साल बघा. १९३५. महाडच्या तळ्याला आठ वर्षे झालेली, नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाच वर्षे चालवूनही दार न उघडलेले, आणि त्याच १९३५ च्या १३ ऑक्टोबरला येवल्याला बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केलेले. पडद्यावर एक साधू महाराच्या घरी जेवतो याचे पांढरपेशा प्रेक्षकाला कौतुक वाटत होते. पण महाराचे म्हणणे एवढेच नव्हते की कोणी थोर माणसाने आमच्या घरी जेवायला यावे. पाणवठा, देऊळ, शाळा, जमीन यावर त्याचा माणूस म्हणून हक्क होता, तो त्याला हवा होता. तेव्हा ‘धर्मात्मा’ पाहून प्रश्न सुटला असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. तरीसुद्धा ज्या काळात बामणाच्या विहिरीवर आपली सावली चालत नव्हती, त्या काळात ही गोष्ट पडद्यावर दाखवणे, तीही बालगंधर्वांसारख्या लाडक्या नटाला घेऊन, याला धाडस लागले असणार. आणि त्या गोष्टीला सूर दिले ते कृष्णरावांनी. मला यात पुढच्या कामाची चाहूल दिसते. कोणाला दिसणार नाही, तर त्याला माझी हरकत नाही.

बालगंधर्वांना सिनेमा मानवला नाही. पुढे ते रंगभूमीकडे परतले. कृष्णराव मात्र सिनेमात रमले, आणि माझ्या मते तिथेच त्यांची खरी परीक्षा झाली. परीक्षा कसली, ते सांगतो.

नाटकातले पद म्हणजे निम्मी मैफल. प्रेक्षक वन्स मोअर म्हणून ओरडणार, नट पुन्हा सुरुवात करणार, नवीन ताना घेणार, एका पदाला पाव तास, अर्धा तास. रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपायचे. त्यात आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत नुसत्या गळ्याच्या जोरावर न्यायचा, म्हणून गायकही तसेच कसलेले लागत. सिनेमात सगळे उलटे. तिथे फिल्मचा फूट न् फूट मोजून गाणे तीन-चार मिनिटांत बसवायचे. तबकडी काढायची म्हटली तर तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून जास्त मावत नाही. मायक्रोफोन पुढ्यात, त्यामुळे हळू गायलेलेही ऐकू येते, पण चूकही लपत नाही. पार्श्वगायनाची पद्धत अजून रुळलेली नव्हती, तेव्हा बहुतेक वेळा पडद्यावर दिसणाऱ्या नटानेच गायचे. तो चेहऱ्याने आणि अभिनयाने निवडलेला, गळ्याने असेलच असे नाही. त्याला झेपेल, आणि थिएटरातून बाहेर पडताना शेंगदाणे खाणाऱ्या माणसाच्या तोंडी राहील, अशी चाल पाहिजे. ज्याने वीस वर्षे रागदारी घोटली त्याने हे करायचे म्हणजे पैलवानाने सुईत दोरा ओवण्यासारखे आहे. नुसत्या ताकदीचे काम नाही.

प्रभातमध्ये त्यांच्या आधी गोविंदराव टेंबे होते, जोडीला केशवराव भोळे होते. भोळ्यांनी ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ केले. कृष्णरावांनी ‘धर्मात्मा’नंतर ‘अमरज्योती’ (१९३६), ‘वहाँ’ (१९३७), ‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) हे चित्रपट केले. ‘गोपाळकृष्ण’मध्ये कृष्ण झालेला पोरगा म्हणजे राम मराठे. तो पुढे मोठा गवई झाला, आणि त्याने कृष्णरावांकडे तालीमही घेतली.

‘माणूस’मध्ये एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या यांची गोष्ट आहे. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. त्यातली मैना कोठ्यावर जमलेल्या नाना प्रांतांच्या गिऱ्हाइकांपुढे उद्याची काळजी सोडा असे सांगणारे गाणे गाते. गाणे अनंत काणेकरांचे. एकेक कडवे एकेका भाषेत, आणि प्रत्येक कडव्याला त्या त्या प्रांताच्या वळणाची चाल. मराठी माणसाने लिहिलेल्या चित्रपटात साऱ्या हिंदुस्थानची बोली एका गाण्यात आणायची आणि ते गोधडीसारखे ठिगळाठिगळांचे वाटू द्यायचे नाही, हे अवघड काम होते. ते गाणे एवढे लोकांच्या तोंडी बसले की हुबळीकरबाईंनी म्हातारपणी आपल्या आत्मचरित्राला त्याचेच नाव दिले. दौंड जंक्शनवर ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हे गाणे जास्त कळेल. आपल्या फलाटावर उत्तरेची, दक्षिणेची, सोलापूरची, मनमाडची गाडी येते आणि एका चहाच्या टपरीवर पाच भाषा ऐकू येतात. चहावाला सगळ्यांशी बोलतो. कृष्णरावांची चाल तशी आहे.

‘शेजारी’ची गोष्ट वेगळी. एका गावातले दोन म्हातारे, एक हिंदू, एक मुसलमान, बुद्धिबळ खेळणारे जिवलग. धरणाच्या ठेकेदारापायी त्यांच्यात फूट पडते, आणि शेवटी धरण फुटते त्यात दोघे हात धरून मरतात. पाकिस्तानच्या मागणीचा काळ तो. हिंदी ‘पडोसी’मध्ये तर शांतारामांनी मुसलमान नटाला हिंदू केले आणि हिंदू नटाला मुसलमान. या चित्रपटात साऱ्या गावाने मिळून गायचे, नाचायचे असे शांताराम आठवले यांचे गाणे आहे. एकट्या गवयाला तिथे भाव नाही. पन्नास तोंडांतून एक सूर निघाला पाहिजे. गावची माणसे गातात असे वाटले पाहिजे, आणि तरी बेसूर होता कामा नये. समूहाकडून गाऊन घ्यायची ही हातोटी कृष्णरावांनी सिनेमात कमावली. मैफलीत ती कमावता येत नाही, कारण मैफलीत एकच गातो आणि बाकीचे मान डोलावतात.

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. त्यांच्या राजकमलच्या ‘भक्तीचा मळा’ (१९४४) मध्ये कृष्णरावांनी संगीत तर दिलेच, पण स्वतः सावता माळ्याची भूमिकाही केली. त्याच काळात मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ (१९४२) नाटकाला त्यांनी चाली दिल्या. त्या पाहा, आधीच्या नाट्यपदांपेक्षा किती आटोपशीर झाल्या आहेत. सिनेमात जाऊन परत आलेला माणूस नाटकालाही शहाणे करून गेला, असे मी म्हणतो. बाकीच्या चित्रपटांची यादी देत बसत नाही.

त्यांच्या स्वभावातला हट्ट सांगितला पाहिजे. इंग्रजी अमदानीत मुंबई रेडिओवर त्यांनी कार्यक्रमात ‘वंदे मातरम्’ गायला सुरुवात केली, तेव्हा अधिकाऱ्यांनी प्रक्षेपण मध्येच बंद केले. त्यांनी त्यानंतर रेडिओवर पाऊल ठेवले नाही. रेडिओवर गाणे म्हणजे नाव आणि पैसा दोन्ही, ते सोडून दिले. १९४७ साली स्वातंत्र्य आले तेव्हा ते गीत गाऊनच ते परत आले. पुढे ते राष्ट्रगीत व्हावे म्हणून त्यांनी जिवाचे रान केले. आक्षेप असा होता की, ते गीत समूहाला एकदम म्हणता येत नाही आणि लष्करी बँडवर वाजत नाही. त्यांनी झिंझोटी रागात सोपी चाल बांधली, बँडवाल्यांबरोबर बसून ती बँडवर बसवली, दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सभासदांपुढे वाजवून, गाऊन दाखवली. २४ जानेवारी १९५० ला निर्णय झाला. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले, ‘वंदे मातरम्’ला समान मान देण्यात आला. कृष्णराव हरले. त्या गीताविषयी आपल्यात वेगवेगळी मते आहेत, ती मला माहीत आहेत, आणि नुसत्या चालीवरून तो निर्णय झाला असेही कोणी समजू नये. मी त्या वादात पडत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, साध्या माणसांना एका सुरात म्हणता येईल अशी चाल करायची, यासाठी या मोठ्या गवयाने पदरची वर्षे घातली होती. बाबासाहेबांचे काम आले तेव्हा तो कोऱ्या पाटीने बसलेला नव्हता.

बाबासाहेबांनाही गाण्याचा कान होता. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते, हे त्यांच्या चरित्रात सर्वांनी वाचले असेल. २५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्या पुणे जिल्ह्यात देहूरोडला त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. मे १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. बौद्ध पूजापाठाची छोटी पुस्तिका तयार केली. धर्मांतराचा दिवस जवळ येत होता. लाखो माणसे, त्यातली बहुतेक निरक्षर, ज्यांना देवळात जाऊन आरती म्हणायचाही अधिकार नव्हता, ती उद्या बौद्ध होणार. त्यांनी काय म्हणायचे, कसे म्हणायचे? घरातले देव पाण्यात सोडल्यावर सकाळी हात जोडून तोंडातून निघणार काय? आपल्या घरातल्या जुन्या बायांना विचारा. देव सोडणे सोपे होते, पण तोंडातली ओवी आणि आरती सोडणे अवघड गेले. तिथे दुसरे काही भरले नाही तर जुनेच परत येते.

अशा वेळी बाबासाहेबांनी मास्टर कृष्णरावांना बुद्धवंदना संगीतबद्ध करायला सांगितले. कृष्णरावांनी ते मान्य केले. भाषा पाली. त्यांना संस्कृत कानावरची, पण पालीची मोडणी वेगळी, जोडाक्षरे वेगळी. शब्द कळल्याशिवाय चाल बसणार नाही म्हणून त्यांनी पालीचा मुद्दाम अभ्यास केला. अठ्ठावन्न वर्षांचा नामांकित माणूस विद्यार्थी होऊन बसला.

यातली एक अडचण वरवर दिसत नाही, ती सांगतो. धम्माचे पाठ गाण्यासारखे लांबवून, आळवून म्हणू नयेत, असे तथागतांनी भिक्खूंना सांगितल्याचे विनयपिटकात आहे. कारणेही दिली आहेत. गाणारा आपल्याच आवाजावर भाळतो, ऐकणारा शब्द सोडून आवाजावर भाळतो, चित्ताची एकाग्रता मोडते, आणि लोक नावे ठेवतात की हे भिक्खू आमच्यासारखेच गातात. पाठ सुरात म्हणायला मुभा आहे, पण सूर शब्दाच्या पुढे जाता कामा नये. अष्टशील घेणाऱ्या उपासकांना तर नाच-गाणे वर्ज्यच असते. आता विचार करा, ज्याची सारी कीर्ती तानेवर उभी, त्याला तान बाजूला ठेवायची आहे. मैफलीच्या गवयाला हे जमणे मुश्किल. पण ज्याने नटाच्या चार सुरांच्या गळ्याला चाल शिवली आहे, अख्ख्या गावाला एका सुरात गायला लावले आहे, आणि तीन मिनिटांच्या तबकडीत काय ठेवायचे, काय टाकायचे याचा निवाडा रोज केला आहे, त्याला हे काम कळू शकते. म्हणून मी म्हणतो की, बुद्धवंदनेला कृष्णरावांची रागदारी लागली असेल, त्याहून जास्त त्यांचे प्रभातमधले दिवस कामी आले असतील. हे माझे मत आहे. जाणकारांनी खोडून काढले तर ऐकीन.

बुद्धवंदनेचे ध्वनिमुद्रण झाले, तबकडी निघाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी पूज्य भदंत चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. त्या सोहळ्यात ही तबकडी वाजवली गेली, असे कृष्णरावांच्या चरित्रात नोंदलेले आहे. त्या मैदानावर आपल्याकडची माणसेही होती. दौंडहून मनमाडची गाडी धरायची, पुढे भुसावळमार्गे नागपूर. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, फडक्यात बांधलेल्या भाकरी. त्यातल्या कोणाला माहीत असणार की, कर्ण्यातून जो सूर येतो आहे तो आळंदीच्या माणसाचा आहे? आणि माहीत नव्हते म्हणून काही बिघडले का? सूर कानात गेला, बस. पण आता आपण शिकलो-सवरलो आहोत, तेव्हा माहीत असायला हरकत नाही.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर वाद व्हायचा. आज आपल्या विहारात म्हणतो तीच चाल कृष्णरावांची, असा माझा दावा नाही. पुढे भिक्खू आले, बौद्धाचार्य आले, श्रीलंकेच्या, ब्रह्मदेशाच्या पठणाचे वळण आले, कॅसेटा आल्या, आता मोबाईलवर पन्नास प्रकार आहेत. शिरूरला एक वळण, दौंडला दुसरे. लेक दिली की ती सासरच्या विहारात पहिले आठ दिवस अडखळते, हे आपण पाहतोच. पण मोठ्या जनसमुदायाने एकत्र बसून सुरात वंदना म्हणावी, ही गोष्ट ज्या दिवसांत नव्याने घडत होती, त्या दिवसांत बाबासाहेबांनी ज्याच्यावर विश्वास टाकला तो हा संगीतकार.

त्या तरुणांचा मूळ प्रश्न जातीचा होता, तो मी टाळणार नाही. १९५६ साली पुण्यातल्या नामवंत ब्राह्मण गवयाने धर्मांतराच्या वंदनेला चाल देणे म्हणजे काय, हे त्या काळचे वातावरण आठवून बघावे. धर्मांतराला वर्तमानपत्रांतून शिव्या पडत होत्या. कृष्णराव स्वतः बौद्ध झाले नाहीत. शंकराचार्यांकडून पदवी मिळालेला, अभंगात रमलेला तो माणूस तसाच राहिला. त्यांना आपण आपल्यात ओढू नये, आणि परके म्हणून पुसूही नये. बाबासाहेबांच्या सत्याग्रहात, परिषदांत, कॉलेजात वेगवेगळ्या जातींची माणसे होती, त्यांची नावे आपण आदराने घेतो. त्या रांगेत हे एक नाव राहून गेले होते.

पुढची वर्षे शिकवण्यात आणि लिहिण्यात गेली. रागांच्या बंदिशींचे ‘रागसंग्रह’ नावाने सात भाग त्यांनी काढले. आपल्याजवळची विद्या कुलपात ठेवणाऱ्या गवयांच्या काळात त्यांनी ती छापून कोणालाही विकत घेता येईल अशी केली, हे मला त्यांच्या पदव्यांपेक्षा मोठे वाटते. १९७१ मध्ये सरकारने पद्मभूषण दिले, १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीने आपले सदस्यत्व, म्हणजे तिचा सर्वांत वरचा मान दिला. त्यांची कन्या वीणा चिटको यांनीही संगीतकार म्हणून नाव मिळवले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात कृष्णरावांचे निधन झाले. वय ७६.

जाता जाता शिरूर आणि दौंड दोन्हीकडच्या कुटुंबांना एक विनंती. पूर्वी आपल्या वस्तीत ज्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन आणि कर्णा होता, जे लग्नाकार्यात आणि जयंतीला तो भाड्याने देत, त्यांच्या माळ्यावर, पेटीत, भंगारात काळ्या तबकड्या पडलेल्या असतील. बुद्धवंदनेची जुनी तबकडी कोणाकडे निघाली तर ती पुसायला ओले फडके वापरू नका, सुईही लावून बघू नका, तशीच जुन्या सुती कपड्यात गुंडाळून विहारात आणून द्या. तिच्यावरचा आवाज उतरवून घेण्याची सोय आता होते. तबकडी ज्याची त्याला परत मिळेल.